विद्यार्थ्यांचे वजन, भूक आणि बळ

महाविद्यालयाचे नवे वर्ष सुरू झाले की अनेक ठिकाणी विद्यार्थ्यांची वैद्यकीय तपासणी होते. उंची मोजतात, वजन घेतात, आणि डॉक्टरांच्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे दोनचार आकडे पडतात. हे आकडे वहीतच राहिले तर त्यांत भिण्यासारखे काही नाही. परंतु त्यांतला वजनाचा आकडा पुष्कळदा विद्यार्थ्याच्या मनात जाऊन बसतो. कोणाला तो फार मोठा वाटतो, कोणाला फार लहान. मग एखादी मुलगी रात्रीचे जेवण सोडते. एखादा मुलगा दंड भरावेत म्हणून पावडरींचे डबे आणतो, एखादा खेळाडू स्पर्धेच्या आदल्या दिवशी पाणीसुद्धा वर्ज्य करतो. घरच्यांना हे सारे शिस्तीचे लक्षण वाटते. कित्येकांच्या बाबतीत ते तसे असतेही. काहींच्या बाबतीत मात्र ती एका दुखण्याची सुरुवात असते.

या दुखण्याचा विचार करताना तीन गोष्टी निरनिराळ्या ठेवाव्या लागतात. पहिली देहाचे वजन, दुसरी देहाचे बळ, म्हणजे त्याची काम करण्याची शक्ती व दमसास, आणि तिसरी भूक, म्हणजे माणसाचे अन्नाशी असलेले नाते. बोलताना या तिन्हींची आपण सर्रास गल्लत करतो. सडपातळ मनुष्य निरोगी, जाड मनुष्य दुबळ्या प्रकृतीचा, आणि कमी खाणारा संयमी, अशी समीकरणे मनात ठरून गेलेली असतात. ही समीकरणे तपासून पाहिली तर विद्यार्थिदशेतील पुष्कळ दुःख टळण्यासारखे आहे.

प्रथम वजनाचा विचार करू. वजन योग्य की अयोग्य हे ठरविण्यासाठी आज जगभर ‘बॉडी मास इंडेक्स’ म्हणजे देहभार-निर्देशांक वापरतात. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा निर्देशांक मिळतो. १.६० मीटर उंचीच्या मुलीचे वजन ५६ किलो असेल, तर तिचा निर्देशांक सुमारे २२ येतो. १८.५ च्या खाली कृशता, २५ च्या वर वजन अधिक आणि ३० च्या वर स्थूलता, अशी जागतिक आरोग्य संघटनेची सर्वसाधारण वाटणी आहे. भारतीयांच्या बाबतीत मधुमेह व हृद्रोग यांचा धोका कमी वजनापासूनच सुरू होतो, म्हणून आपल्याकडच्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये २३ पासून अधिक वजन आणि २५ पासून स्थूलता मानावी असे ठरविले.

या भागाकाराचा उगम वैद्यकात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बेल्जममधील अडॉल्फ केतले या ज्योतिर्विदाने व संख्याशास्त्रज्ञाने माणसांच्या मोठ्या समूहांची मापे घेतली. प्रौढांचे वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे त्यास दिसले. त्याला सर्वसाधारण मनुष्याचे चित्र रेखाटावयाचे होते. अमक्या तमक्या व्यक्तीचे आरोग्य पारखणे हा त्याचा हेतू नव्हता. पुढे १९७२ मध्ये अँसेल कीझ या अमेरिकन शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या देशांतील हजारो पुरुषांच्या मापांवरून या भागाकाराची परीक्षा केली आणि त्याला आजचे नाव दिले. समूहांच्या अभ्यासाला हा निर्देशांक सोयीचा आहे, एवढाच त्यांचा दावा होता. समूहासाठी घडविलेली ही मोजपट्टी पुढे एकेका माणसाच्या अंगाला लागली, आणि तेथून घोटाळ्यास सुरुवात झाली.

कारण वजनकाट्याला फक्त भार कळतो. त्या भारात हाडे किती, स्नायू किती आणि चरबी किती, हे त्याला सांगता येत नाही. याचे एक मार्मिक उदाहरण पुण्याशी निगडित आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे एक छायाचित्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांचाही देहभार-निर्देशांक तंतोतंत सारखा, म्हणजे २२.३ होता. शरीरातील चरबीचे प्रमाण मोजले तेव्हा मात्र युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के भरली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरावरून हा प्रकार ‘वाय-वाय विरोधाभास’ म्हणून प्रसिद्ध झाला. दिसावयास सडपातळ असलेल्या भारतीय देहात चरबी दडून बसलेली असू शकते, हा त्याचा इत्यर्थ. उलटपक्षी, आखाड्यात मेहनत करून छाती-मांड्या कमावलेला पहिलवान या निर्देशांकाच्या हिशेबात सहज ‘स्थूल’ ठरतो. जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’च्या वतीने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगानेही केवळ या निर्देशांकावरून एखाद्याच्या स्थूलतेचे निदान करू नये, कंबरेचे माप किंवा प्रत्यक्ष चरबीचे मापन त्याच्या जोडीला घ्यावे, असे सुचविले.

याचा अर्थ वजनाला काहीच महत्त्व नाही, असा मात्र नव्हे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी १८.७ टक्के कृश आणि २४ टक्के अधिक वजनाच्या आढळल्या. पुरुषांत ही प्रमाणे अनुक्रमे १६.२ व २२.९ टक्के होती. एकाच देशात, पुष्कळदा एकाच वर्गात, एक विद्यार्थी पैशाअभावी एक वेळ जेवतो आणि दुसरा बसल्या जागी खाऊन स्थूल होतो. दोघांनाही मदतीची गरज आहे. परंतु ती मदत वजनाचा आकडा वाचून दाखविल्याने होत नाही.

आता बळाकडे वळू. देहाची क्षमता मोजण्याचे मार्ग वजनकाट्याइतकेच साधे आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, हार्वर्ड विद्यापीठात पायरीची एक परीक्षा तयार झाली. वीस इंच उंचीच्या बाकावर मिनिटाला तीस वेळा या गतीने पाच मिनिटे चढावयाचे व उतरावयाचे, आणि नंतर नाडी किती लवकर पूर्वपदावर येते ते पाहावयाचे, अशी तिची रीत होती. १९६८ मध्ये अमेरिकन हवाई दलातील डॉ. केनेथ कूपर यांनी त्याहून सोपी कसोटी पुढे आणली. बारा मिनिटांत मनुष्य किती अंतर धावू शकतो ते मोजावे, म्हणजे त्याच्या हृदयाची आणि फुप्फुसांची कुवत कळते. या कसोट्यांना ना आरसा लागतो ना काटा.

असल्या कसोट्यांतून जे दिसले ते आपल्या रूढ समजुतींना धक्का देणारे आहे. टेक्सासमधील डॅलस येथे स्टीव्हन ब्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३,३४४ स्त्रीपुरुषांची क्षमता चालपट्ट्यावर मोजून पुढे सरासरी आठ वर्षांहून अधिक काळ त्यांच्या आयुष्याचा मागोवा घेतला. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार सर्वांत अक्षम गटातील पुरुषांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत सक्षम गटाच्या तिपटीहून अधिक, आणि स्त्रियांत चौपटीहून अधिक होते. पुढे २०१४ मध्ये असल्या अनेक अभ्यासांचा एकत्र विचार करण्यात आला. तेव्हा असे दिसले की, ज्यांची शारीरिक क्षमता कमी, त्यांना मृत्यूचा धोका सुमारे दुप्पट, मग त्यांचे वजन कोणत्याही गटात मोडो. थोडक्यात, जिना चढताना ज्याला धाप लागते त्या सडपातळ विद्यार्थ्याने निश्चिंत राहण्याचे कारण नाही, आणि जो अंगाने भरलेला विद्यार्थी रोज तासभर खेळतो त्याने खिन्न होण्याचे कारण नाही. आपल्या जुन्या तालमींत मनुष्याची किंमत त्याच्या जोरबैठकांवरून आणि दमसासावरून होत असे, त्यात व्यवहाराचे शहाणपण होते.

वजन आणि बळ यांचा मेळ असा ढिला असताना तरुण मन वजनाच्याच मागे का लागते? विद्यार्थिदशा ही मुळात तुलनेची अवस्था आहे. घर सुटलेले असते. नागपूरचा मुलगा दिल्लीला, सोलापूरची मुलगी बडोद्याला किंवा बंगळूरला शिकावयास जाते. आईच्या हातच्या वाढण्याऐवजी खानावळीचे ताट समोर येते, आणि आपण किती जेवलो हे पाहणारे कोणी नसते. परीक्षेचा निकाल आपल्या हाती नसतो, नोकरीचा नसतो, परंतु ताटातली पोळी उचलून ठेवणे तेवढे हाती असते. अनेक विद्यार्थ्यांना त्यातच आपली सत्ता चालल्याचे समाधान मिळते. त्यातच सभोवारच्या चित्रांची भर पडते. पूर्वी ही चित्रे सिनेमाच्या पडद्यावर आणि मासिकांच्या मुखपृष्ठांवर असत, आता ती हातातल्या फोनवर अष्टौप्रहर असतात.

चित्रांचा हा परिणाम फिजी बेटांवर फार स्पष्ट दिसून आला. तेथील मूळ रहिवाशांत भरदार शरीराचे कौतुक असे, आणि पाहुण्याला आग्रहाने खाऊ घालण्याची चाल होती. नाद्रोगा या प्रांतात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी प्रथमच आली. हार्वर्डच्या डॉ. अ‍ॅन बेकर यांनी त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये तेथील शाळकरी मुलींची पाहणी केली. टोरांटो येथे १९८२ मध्ये निश्चित झालेली सव्वीस प्रश्नांची एक चाचणी त्यांनी वापरली. विसाहून अधिक गुण मिळालेल्या, म्हणजे आहारविकाराचा संशय घ्यावा अशा मुलींचे प्रमाण तीन वर्षांत १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेले. वजन उतरावे म्हणून मुद्दाम ओकारी काढणारी मुलगी पहिल्या पाहणीत एकही नव्हती, दुसऱ्या पाहणीत हे प्रमाण ११.३ टक्के झाले. पडद्यावरच्या बारीक कंबरा पाहून त्या मुलींना स्वतःच्या देहाची लाज वाटू लागली होती.

हे आहारविकार वैद्यकाला सर्वस्वी नवे नाहीत. १८७३ मध्ये लंडनला सर विल्यम गल आणि पॅरिसला शार्ल लासेग यांनी, अन्न नाकारून झिजत जाणाऱ्या तरुण स्त्रियांची वर्णने स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. गल यांनीच त्या विकाराला ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव दिले. हाडांचा सापळा होऊनही या रुग्णांची चळवळ व फिरणे थांबत नाही, याचे त्यांना मोठे आश्चर्य वाटले होते. हे निरीक्षण आजही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कृश मुलगी पहाटे उठून मैलोन्‌मैल चालते, हे बघून घरचे लोक तिच्या प्रकृतीविषयी निर्धास्त होतात. वस्तुतः ती धावपळ हे आजाराचेच लक्षण असू शकते. १९७९ मध्ये लंडनच्या जेराल्ड रसेल यांनी ‘बुलिमिया नर्व्होसा’चे वर्णन केले. त्यात मनुष्य आवर सुटल्याप्रमाणे भराभर खातो आणि मग भयाने ओकारी, जुलाबाची औषधे, उपवास किंवा अति व्यायाम यांचा आश्रय घेतो. या रुग्णाचे वजन बहुधा सर्वसाधारणच असते, म्हणून काट्यावर हा विकार सापडत नाही. मुलांमध्ये एक उलटा प्रकारही आढळतो. पिळदार शरीर कमावूनही आरशात स्वतःला किरकोळच पाहणारे, आणि आणखी स्नायू हवेत म्हणून घातक इंजेक्शनांपर्यंत जाणारे तरुण त्यात मोडतात. मनोविकारांपैकी ज्या थोड्या विकारांत मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक असते, त्यांत ॲनोरेक्सियाची गणना होते.

भारतात या विकारांचे रूप कधीकधी वेगळे दिसते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील मानसोपचारतज्ज्ञांनी १९९५ मध्ये पाच तरुण स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. त्या अन्न घेत नव्हत्या, त्यांना ओकाऱ्या होत, वजन घटले होते. परंतु जाड होण्याचे भय किंवा स्वतःच्या देहाविषयी भ्रम त्यांच्या बोलण्यात उघडपणे आढळला नाही. अशी मुलगी ‘जेवण जात नाही’, ‘पोट भरल्यासारखे वाटते’ एवढेच सांगते, आणि पोटाच्या तपासण्यांत महिने निघून जातात.

आपल्याकडे आणखी एक आडोसा आहे, तो उपवासाचा. उपवासाची परंपरा मोठी आहे आणि तिच्यात स्वतःहून काही वावगे नाही. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ असे म्हणून आपण तिची थट्टाही करतो. परंतु व्रताच्या उपवासाला तिथी असते, त्याला घराची सोबत असते, आणि शेवटी पारणे असते. पारण्याच्या पानावर मनुष्य आनंदाने बसतो. ज्या उपवासाला पारणेच नाही, जो सोमवारचा गुरुवारी आणि गुरुवारचा शनिवारी जाऊन मिळतो, आणि जो सोडण्याच्या कल्पनेनेच मुलीचा चेहरा उतरतो, तो उपवास देवाचा नव्हे. हा फरक घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रीच्या नजरेला डॉक्टरांच्याही आधी दिसू शकतो.

उपाशी राहण्याने मनाचे काय होते, हे समजून घेण्यासाठी एका प्रयोगाची हकीकत सविस्तर सांगावयास हवी. ज्या अँसेल कीझने देहभार-निर्देशांकाला नाव दिले, त्यानेच त्याच्या पुष्कळ आधी हा प्रयोग केला होता. दुसरे महायुद्ध संपत आले होते. युरोपातील लक्षावधी उपाशी लोकांना पुन्हा अन्नावर कसे आणावे, याचे शास्त्र कोणापाशी नव्हते. अमेरिकेच्या मिनेसोटा विद्यापीठात नोव्हेंबर १९४४ मध्ये छत्तीस तरुण या प्रयोगासाठी दाखल झाले. सदसद्‌विवेकबुद्धीमुळे शस्त्र धरण्यास नकार दिलेले हे तरुण होते, आणि देशसेवेचा दुसरा मार्ग म्हणून ते आपण होऊन पुढे आले होते. सर्वजण धडधाकट होते, आणि मनानेही निरोगी म्हणून निवडलेले होते. त्यांची राहण्याची सोय विद्यापीठाच्या क्रीडांगणाच्या इमारतीत होती.

पहिले बारा आठवडे त्यांना रोजचे सुमारे ३,२०० उष्मांकांचे पूर्ण अन्न मिळाले. फेब्रुवारी १९४५ पासून चोवीस आठवडे ते सुमारे १,५७० उष्मांकांवर आणले गेले. दिवसातून दोन जेवणे, त्यांत पाव, बटाटे, सलगम, कोबी, मॅकरोनी असे युद्धग्रस्त युरोपात मिळणारे पदार्थ, आणि आठवड्याला बावीस मैल चालणे. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. आज वजन उतरविण्यासाठी तरुण मंडळी जे आहार आपल्या मनाने घेतात, त्यांतील कित्येकांत याहूनही कमी उष्मांक असतात.

सहा महिन्यांच्या आत या तरुणांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. नाडी मंदावली, उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजू लागली, पायांवर सूज आली, आणि विश्रांतीच्या अवस्थेत शरीर खर्च करते ती ऊर्जा सुमारे ४० टक्क्यांनी उतरली. हार्वर्डच्या ज्या पायरीच्या परीक्षेचा वर उल्लेख आला, तिच्यात हे धडधाकट तरुण पार कोसळले. परंतु देहापेक्षा मनातील पालट अधिक विलक्षण होता. त्यांना अन्नावाचून दुसरे काही सुचेना. ज्यांना स्वयंपाकाची कधी आवड नव्हती ते पाककृतींची पुस्तके जमवून वाचू लागले. कोणी जेवण तासन्‌तास लांबवी, कोणी अन्नात पाणी घालून ते वाढवी, कोणी सतत गम चघळी. बशा चाटून पुसून स्वच्छ होऊ लागल्या. विनोद संपला, चिडचिड वाढली, मित्रमंडळींत मिसळणे नकोसे झाले. कोणाकोणाचा निग्रह सुटला आणि चोरून खाल्ल्यावर त्यांना स्वतःची आत्यंतिक घृणा वाटली. काहींना तर आपण कृश झालो आहोत हे जाणवेना, उलट इतर माणसेच त्यांना फार जाड दिसू लागली.

आहारविकाराच्या रुग्णांत जी लक्षणे डॉक्टर पाहतात, त्यांतली कितीतरी येथे ओळीने उभी आहेत. आणि ही माणसे आजारी नव्हती, ती केवळ उपाशी होती. पुढे अन्न वाढविले तरी त्यांची भूक लवकर शमली नाही. निर्बंध उठल्यावर काही जण एका दिवसात कित्येक हजार उष्मांक खात, आणि पोट तडस लागेपर्यंत भरूनही अतृप्तच राहत. गमावलेल्या स्नायूंच्या आधी चरबी भरून आली, आणि काही काळ ती पूर्वीपेक्षाही अधिक झाली. कीझ व त्याच्या सहकाऱ्यांनी ही सारी हकीकत १९५० मध्ये दोन जाडजूड खंडांत प्रसिद्ध केली.

या प्रयोगातून विद्यार्थ्यांच्या पालकांनी घेण्यासारखा बोध असा की, हट्ट, लपवाछपवी, रागीटपणा, अन्नाचा अखंड विचार, या सर्व गोष्टी पुष्कळ अंशी उपासमारीचे परिणाम आहेत. मुलीचा स्वभाव बिघडला म्हणून ती जेवत नाही, असे आपण म्हणतो. खरे पाहता ती जेवत नाही म्हणून तिचा स्वभाव बिघडलेला असणे अधिक संभवनीय आहे. उपाशी मनाशी वाद घालून काही साधत नाही. आधी पोटात अन्न जावे लागते, मग विचाराला जागा होते. तसेच, आठवडाभर उपाशी राहून रविवारी आवर सुटल्यासारखे खाणारा विद्यार्थी दुबळ्या मनाचा नसतो. त्याचे शरीर दुष्काळातून सुटल्यावर जे करावे तेच करीत असते.

खेळाडू विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी तीव्र होतो, कारण तेथे वजन उतरविण्याला शिस्तीची प्रतिष्ठा मिळालेली असते. १९९७ च्या नोव्हेंबर आणि डिसेंबर महिन्यांत अमेरिकेत तीन निरनिराळ्या महाविद्यालयांतील तीन कुस्तीगीर विद्यार्थी पाच आठवड्यांच्या आत मरण पावले. तिघेही खालच्या वजनगटात बसण्यासाठी पाणी सोडून, रबरी पोशाखात व्यायाम करून घाम गाळीत होते. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने असले पोशाख, बाष्पस्नाने आणि लघवीची औषधे यांना बंदी केली, आणि प्रत्येक कुस्तीगीराचे किमान वजन हंगामाच्या आरंभीच ठरविण्याचा नियम घातला. आपल्याकडे ७ ऑगस्ट २०२४ हा दिवस कोणी विसरलेले नाही. पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट ५० किलो गटाच्या अंतिम सामन्यातून केवळ १०० ग्रॅम वजनासाठी बाद ठरली. रात्रभर व्यायाम करून, अन्नपाणी वर्ज्य करून, अखेरीस केससुद्धा कापून ती काट्यावर उभी राहिली होती. देशाला पदक हुकल्याची हळहळ वाटली. परंतु जिल्ह्याजिल्ह्यांच्या स्पर्धांत हाच प्रकार किती कोवळ्या वयापासून चालत असेल, याचाही विचार त्या निमित्ताने व्हावयास हवा होता.

धावण्याच्या, जिम्नॅस्टिकच्या किंवा नृत्याच्या क्षेत्रातील मुलींत हीच उणीव निराळ्या मार्गाने दिसते. मेहनतीच्या मानाने अन्न कमी पडले की मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते, आणि ज्या वयात हाडे आयुष्यभराची शिदोरी साठवतात त्याच वयात ती ठिसूळ होऊ लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये या अवस्थेचे सविस्तर वर्णन केले आणि ती मुलांतही आढळते असे सांगितले. पाळी थांबणे ही कसून केलेल्या सरावाची खूण नसून शरीराने दिलेला इशारा आहे, एवढे प्रत्येक क्रीडाशिक्षकास ठाऊक असले पाहिजे.

मग हे ओळखावे कसे? लंडनच्या तीन डॉक्टरांनी १९९९ मध्ये पाच साधे प्रश्न सुचविले, आणि जगभर त्यांचा उपयोग केला जातो. पोट फार भरल्याने अस्वस्थ वाटून तुम्ही मुद्दाम ओकारी काढता काय? आपण किती खातो यावरचा आपला ताबा सुटला आहे, अशी चिंता तुम्हांस वाटते काय? गेल्या तीन महिन्यांत सहा किलोहून अधिक वजन उतरले आहे काय? इतर लोक बारीक म्हणत असता तुम्ही स्वतःस जाड समजता काय? अन्नाच्या विचाराने तुमचे आयुष्य व्यापले आहे, असे तुम्ही म्हणाल काय? यांपैकी दोन किंवा अधिक प्रश्नांचे उत्तर ‘होय’ असेल, तर तज्ज्ञाकडे जावे. हे प्रश्न निदान करीत नाहीत, ते केवळ दार ठोठावतात. वसतिगृहाच्या अधीक्षकांना किंवा महाविद्यालयाच्या डॉक्टरांना ते विचारण्यास दोन मिनिटे पुरतात. मात्र ते एकांतात आणि मायेने विचारले पाहिजेत.

उपाय आहेत, आणि ते लवकर केले तर गुणही येतो. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात कुटुंबाच्या साहाय्याने करावयाची उपचारपद्धती आकारास आली. तिच्यात आईवडिलांना दोष न देता मुलाला जेवू घालण्याचे काम काही काळ त्यांच्याकडे सोपवितात. कोवळ्या वयाच्या रुग्णांना तिचा चांगला उपयोग होतो. बुलिमियासाठी ऑक्सफर्डचे ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी विचार व सवयी पालटण्याची पद्धती विकसित केली. तिचा पाया अगदी साधा, म्हणजे ठराविक वेळी नियमित जेवण, हा आहे. फार दिवस उपाशी असलेल्या रुग्णाला एकदम भरपूर खाऊ घालणे मात्र धोक्याचे असते. रक्तातील क्षारांचे प्रमाण ढळून हृदयावर परिणाम होऊ शकतो. म्हणून अशा वेळी घरगुती उपचारांत दिवस न घालविता रुग्णालय गाठावे. घरापासून दूर असलेल्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी-सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत मानसिक आरोग्याचा सल्ला विनामूल्य मिळतो.

महाविद्यालयांनाही फार खर्चाची कामे करावयाची नाहीत. वजन घ्यावयाचे तर ते आडोशाला घ्यावे, मोठ्याने वाचून दाखवू नये. क्षमतेची कसोटी धावण्याची, चढण्याची ठेवावी, आणि विद्यार्थ्याची तुलना शेजाऱ्याशी न करता त्याच्याच गेल्या वर्षीच्या नोंदीशी करावी. बारीक होण्याच्या चढाओढी तर मुळीच लावू नयेत. खानावळीतील अन्न वेळेवर, पुरेसे आणि रुचकर मिळेल एवढे पाहिले, तरी अर्धे आरोग्य साधते. पैशाअभावी जेवण टाळणाऱ्या मुलाची विचारपूस तर सर्वांत आधी झाली पाहिजे.

घरच्यांचे काम आणखी सोपे आहे, आणि कदाचित म्हणूनच अवघड. सुटीत घरी आलेल्या मुलाला पाहताच ‘किती वाळलास’ किंवा ‘किती सुटलास’ हे शब्द आपल्या तोंडून सहज निघतात. त्यांत प्रेमच असते. परंतु ते शब्द कोणत्या मनावर पडत आहेत, हे आपणांस ठाऊक नसते. त्याऐवजी झोप कशी लागते, खेळतोस की नाही, मेसमध्ये कोणाबरोबर जेवतोस, असे विचारावे. या प्रश्नांच्या उत्तरांत वजनकाट्यापेक्षा कितीतरी अधिक माहिती असते. मग त्याच्या शेजारी बसून जेवावे, आणि त्याच्या ताटाकडे टक लावून न पाहता त्याच्याशी बोलावे.